छ म्हणजे सहा

उपक्रमाच्या वहीत तीन रकाने असतात:
तारीख, काय केले, काय शिकलो.
तिसऱ्यात मी "स्वच्छतेचे महत्त्व" लिहायचे,
शेजारचीही तेच, तिच्या शेजारचीही.
कोळवणकर बाई खाली सही करायच्या, न वाचता.

नोव्हेंबरात धनसरा साउद आली. नववी ब.
बाप हापूसच्या बागेत राखणीला, वर सड्यावर,
पत्र्याची खोली, दोन कुत्रे, माकडांसाठी गलोल.
"अछाम," ती म्हणाली. वर्गातल्या नकाशात सापडलं नाही.
तिचं जुनं पुस्तक उघडलं तर अक्षरं सगळी आपली,
काना, मात्रा, वेलांटी,
घडाघडा वाचता येत होतं
आणि कळत काही नव्हतं.
आपल्याच होडीतून परकी माणसं उतरावीत, तसं.

मग मधल्या सुट्टीत व्यापार सुरू झाला.
मी एक शब्द द्यायचा, तिनं एक.
तिच्याकडे घाम म्हणजे ऊन.
खोला म्हणजे ओढा. भोक म्हणजे भूक,
यावर आम्ही डबा सांडेस्तोवर हसलो.
"काय झाला" तिनं माझ्या घरून उचललं,
बाईंनी ते "काय झालं" करून दिलं.
तिनं दोन्ही ठेवून घेतली, लागतील म्हणून.

फेब्रुवारीत गावखडीच्या वाळूवर कासवांची पाळी.
पहाटे पाच, हातात बॅटरी, पायाखाली सुरूच्या काड्या.
समुद्र पाहून तिला तीन महिने झाले होते,
तरी त्याच्याकडे पाठ करून ती कधी उभी राहिली नाही.
राजवाडकर काकांनी घरटं उकरलं.
ती अंडी मोजून बादलीत ठेवत होती,
रजिस्टर माझ्याकडे.
शेवटी मान वर करून म्हणाली, "एक सय छ."
सय म्हणजे शंभर, मला येत होतं.
छ म्हणजे सहा, तेही;
आकडे आम्ही पहिल्याच आठवड्यात उरकले होते.
मी लिहिलं: एकशे सहा.

जाळीच्या आत पुन्हा पुरताना काकांनी मोजली.
शंभर.
परत मोजली. शंभर.
"सहा गेली कुठं?"
नाव कोणी घेतलं नाही.
सगळे फक्त तिच्या दप्तराकडे बघत होते.
मीही बघितलं.

हे वहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती नळापाशी एकटी.
काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, पाणी आलं का?
माझ्याकडे न बघता, तिच्या भाषेत: "पानी छ."
सहा पाणी?
बाटली हातात तशीच धरून मी उभी.
एवढे महिने आम्ही वस्तूच बदलत होतो,
आंबा, मासा, पाऊस, चप्पल.
"आहे" कोणी मागितलाच नव्हता.
शंभर आहेत, म्हणाली होती ती.
शंभर. आहेत.

काका हसले. सहावर काट मारली, शेजारी सही.
तिला सॉरी म्हणाले. मीही म्हणाले.
सॉरी तिच्याकडेही सॉरीच,
म्हणून ते फार लांब गेलं नाही.
एप्रिलात पिल्लं पाण्याकडे निघाली, गाव जमला होता,
ती आली नाही. माकडं वाढलीत, म्हणाली.

मे संपता बाग संपली.
टेम्पोत बोचकी, वर बाप, वर ती;
कुत्रे पुलापर्यंत धावले आणि पुलावर बसले.

दहावीची नवी वही.
सतरा जून. काय केले: बाक पुसला.
काय शिकलो: बाक छ. धनसरा छैन.

या वेळी बाईंनी वाचलं.
लाल पेन्सिलीनं दोन गोल,
समासात बारीक अक्षरात: "शब्द अपूर्ण. पूर्ण कर."
सही करायला मात्र विसरल्या.